पोरेबाईंचा हात

हेमाचं तेरावं झालं, त्यानंतर दोन दिवसांनी मी तिच्या कॉम्प्युटरसमोर बसलो. ब्राउझर उघडला, टपालघर या ईमेलच्या साइटवर गेलो. पडद्यावर चार ओळींचा उतारा आला. तो बघून खाली टाइप करायचा असतो. मी एका बोटाने केला. सात मिनिटं लागली. मग लाल अक्षरांत आलं :

'हा हात मनोहर पोरे यांचा नाही.'

मनोहर पोरे मीच.

मी एकतीस वर्षं टायपरायटर दुरुस्त केले. कऱ्हाडात, कचेरीसमोर. माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर हेमाची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. तालुक्यातले निम्मे कारकून तिच्या हाताखालून गेले. सगळे तिला पोरेबाई म्हणायचे, आणि मला पोरेबाईंचे मिस्टर. टायपरायटर संपले तेव्हा तिने कॉम्प्युटर घेतले आणि शिकवत राहिली. माझं दुकान बंद झालं.

मशीन दुरुस्त करणाऱ्याला टायपिंग येत असेल असा लोकांचा समज असतो. मला येत नव्हतं. मी एकेक कळ दाबून बघायचो. दांडी सरळ उठते का, अक्षर ओळीत बसतं का, एवढंच. वाक्य मी कधी लिहिलं नाही. ती लिहायची. टपालघराचं खातं दुकानासाठी काढलेलं, म्हणून माझ्या नावावर. पण मी खुर्चीत बसून सांगायचो आणि ती टाइप करायची.

"मेघनाला लिही, इकडे थंडी वाढली आहे, नगरपालिकेने नवा रस्ता..."

"अहो, रस्ता राहू दे. ती कोइमतूरला बसून आपला रस्ता काय करणार?"

असं आमचं लेकीला पत्र व्हायचं. खाली नाव माझं.

पासवर्ड बंद झाले त्याला आता सहा वर्षं झाली. पासवर्ड चोरीला जायचे. मग चेहरे आले, तर फोटोवरून खोटे चेहरे बनायला लागले. आवाजाचंही तसंच झालं. शेवटी हात आला. माणूस एक कळ किती वेळ दाबून ठेवतो आणि तिथून दुसऱ्या कळीवर जायला किती वेळ घेतो, हे ब्राउझर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतो. हजारभर शब्द टाइप झाले की त्याच्याकडे त्या माणसाचा ताल जमा होतो. तो ताल दुसऱ्या कुणाचा नसतो. उतारा दर वेळी वेगळा येतो, त्यामुळे एकदाचं रेकॉर्डिंग करून पुन्हा वाजवता येत नाही. ब्राउझरमध्ये बसून हे मोजत राहणाऱ्या भागाला लोक पहारा म्हणायला लागले.

मला यात नवल वाटलं नाही. कचेरीत तेव्हा अकरा टायपिस्ट होते. जिना चढता चढता नुसत्या ठोक्यांवरून मी सांगायचो, आज कोण रजेवर आहे.

पहारा बसवला त्या दिवशी हेमाने एकेक प्रश्न वाचून दाखवला होता. लिंक तपासू का, हो. आलेली पत्रं फसवणुकीसाठी वाचू का, हो. मग एक प्रश्न आला. हाताच्या तालावरून तब्येतीबद्दल काही जाणवलं तर कळवू का?

"काही गरज नाही," मी म्हणालो.

"का हो? कळवलं तर बरंच की."

"आज आपल्याला कळवतील, उद्या विमावाल्याला. देसाई वकिलांचं काय झालं? त्यांच्या मनगटावरच्या घड्याळानेच विमा कंपनीकडे चुगली केली ना? घरातलं घरात राहू दे."

"बरं. नाही टाकते," ती म्हणाली, आणि टाकलं.

तर त्या दिवशी लाल अक्षरं बघितल्यावर मी टपालघराच्या मदतीच्या नंबरला फोन लावला. बऱ्याच वेळाने माणूस आला.

"नमस्कार, टपालघर. मी तबस्सुम मुजावर बोलतेय." बोलण्यावरून मुलगी मिरजेकडची वाटली.

"मी मनोहर पोरे. तुमचं यंत्र म्हणतंय मी मनोहर पोरे नाही."

"थांबा काका, बघते." कळा वाजल्या. तिचा उजवा हात जोरात पडत होता. "हां. सिस्टीमच्या मते तुम्ही तुम्ही नाही."

"मग मी कोण, ते विचारा तिला."

"ते ती आम्हाला पण सांगत नाही काका. प्रायव्हसी असते ना." मग म्हणाली, "आजपर्यंत टायपिंग कोण करत होतं?"

"बायको."

"अहो, मग तसं सांगा की! तुमच्या नावावर काकूंचा हात चढलाय. त्यांनाच बसवा एकदा. दोन मिनिटांचं काम आहे."

"ती गेली. पंधरा दिवस झाले."

मी म्हणालो, "मृत्यूचा दाखला आहे. पाठवतो."

"काकूंचा चालणार नाही काका. खातं तुमचं आहे. दाखला लागला तर तुमचाच..." ती मध्येच थांबली. "अल्ला. मला असं नव्हतं म्हणायचं."

"तो मिळाला की पाठवतो," मी म्हणालो.

ती हसली नाही. मग नीट समजावून सांगायला लागली. आधार दाखवून मला नवा हात नोंदवता येईल. आलेली-गेलेली पत्रं सगळी परत मिळतील. फक्त मसुदे जातील. मसुदे म्हणजे लिहून ठेवलेलं पण कुणालाही न पाठवलेलं. ते कंपनीकडे असतं, पण कुलपात, आणि कुलपाची किल्ली हाताच्या तालातूनच तयार होते. हात पुसला की किल्ली गेली.

"तुम्ही उघडून द्या की."

"आम्हाला उघडता येत नाही. कोर्टाने सांगितलं तरी नाही. तीच तर आमची..."

"जाहिरात."

"हो. जाहिरात."

"माझ्या मसुद्यांत आहे तरी काय? संख्या तरी दिसते का?"

"दिसते. दोन हजार एकशे चार."

ते काय आहे मला माहीत होतं. हेमा रोज दुपारी तीन वाजता, पहिली बॅच यायच्या आधी, एक उतारा टाइप करायची. परीक्षेच्या पुस्तकातले उतारे पोरांना पाठ होतात म्हणून ती स्वतः रचायची. मनात येईल ते. त्यातले काही वर्गात द्यायची. एकदा मी वर गेलो तर बारा जण खाली मान घालून टाइप करत होते : 'एका गृहस्थाने दूध गॅसवर ठेवले व तो पेचकस शोधण्यास गेला. दूध उतू गेले. पेचकस त्याच्या कानामागे होता.' सगळे माझ्याकडे बघून हसले. बाकीचे उतारे ती ठेवून द्यायची. मी कधी वाचले नाहीत. वाचू म्हटलं असतं तर तिने दाखवले असते. मी म्हटलं नाही.

"किती दिवस आहेत?" मी विचारलं.

"तीस. दिवसाला तीन प्रयत्न. नाही जमलं तर मसुदे आपोआप पुसले जातात." मग म्हणाली, "काका, एक सांगू? पहारा वेग मोजत नाही. ताल मोजतो. सावकाश केलं तरी चालतं, फक्त कुठे पळायचं आणि कुठे रेंगाळायचं ते काकूंसारखं पाहिजे."

"म्हणजे नक्कल करू?"

"मी तसं म्हटलेलं नाही. कॉल रेकॉर्ड होतोय."

मी टायपिंग शिकायला बसलो. अडुसष्टाव्या वर्षी. कॉम्प्युटरच्या कळा मऊ, त्यांचा आवाज धड येत नाही, म्हणून हेमाचा जुना टायपरायटर माळ्यावरून काढला. त्याच्यावर मी तिला ऐकलं होतं. शिकवायला कुणी नव्हतं, पण तिची फूटपट्टी होती. ती टेबलावर आपटून हेमा ताल द्यायची. मी ती शेजारी ठेवली.

तिचा हात मला तोंडपाठ होता. जोडाक्षराच्या आधी ती जराशी थांबायची, आणि मग दोन ठोके एकापाठोपाठ यायचे. मोठा शब्द आला की पळायची, छोट्यावर रेंगाळायची. आणि ओळ संपली की तिचा डावा हात वर उचलला जायचा. टायपरायटरवर ओळ संपली की दांडा ढकलून गाडी मागे आणावी लागते, त्याची ही सवय. कॉम्प्युटरला दांडा नाही, गाडी नाही, तरी तिचा हात शेवटपर्यंत उचलला जायचा आणि रिकामा परत यायचा. मी तिला हसायचो. "कुणाला नमस्कार करतेस?" ती म्हणायची, "तुमच्या धंद्याला."

पहिल्या दिवशी जुळणी सव्वीस टक्के झाली. पंच्याऐंशी लागते. आठव्या दिवशी पन्नास. पंधराव्या दिवशी बहात्तर. सकाळी चहा झाला की बसायचो, जेवून पुन्हा बसायचो. घरात तो आवाज सुरू झाला की मला बरं वाटायचं. थांबला की फ्रिजचा आवाज ऐकू यायचा.

मेघनाचा फोन यायचा.

"बाबा, दिवसभर करता काय?"

"टायपिंग शिकतोय."

"आता?" ती म्हणाली. "आई पंचवीस वर्षं मागे लागली होती तुमच्या. शिका म्हणून."

"हो."

"नवीन खातं काढा ना सरळ. इतका त्रास कशाला?"

मी उताऱ्यांचं सांगितलं. तिलाही ते माहीत नव्हतं. ती म्हणाली, "बाबा, आईने ते पाठवले नाहीत कुणाला. कदाचित कुणी वाचू नयेत असंच असेल."

दुसऱ्या दिवशी मी बसलो नाही. तिसऱ्या दिवशी बसलो. न बसून करणार काय.

बहात्तरवर गाडी अडकली. एक दिवस चौऱ्याहत्तर, दुसऱ्या दिवशी एकाहत्तर. तेविसावा दिवस गेला. मी डोळे मिटून बसायचो आणि तिला ऐकायचो. मला ती वरच्या मजल्यावर बसलेली दिसायची, चाळिशीची, खिडकीकडे पाठ करून. हात अगदी तसाच पडत होता माझा. तरी पहारा म्हणायचा, नाही.

चोविसाव्या दिवशी दुपारी मी कॉम्प्युटरचा कीबोर्ड उचलून उलटा केला. बिस्किटाचा चुरा झाडायचा होता. खाली माझं अक्षर दिसलं.

धंद्यात मला एक सवय होती. मशीन दुरुस्त केलं की त्याच्या पोटाखाली पेन्सिलीने तारीख आणि दोष लिहायचा. पुढच्या वेळी तेच मशीन आलं तर मागचं कळतं. कीबोर्डखाली तीन ओळी होत्या.

'२ जुलै. डावी अनामिका. कळ उशिरा उठते. साफ केली.'

'१९ ऑगस्ट. डावी अनामिका, करंगळी. पुन्हा साफ. रबर बदलले.'

'६ नोव्हेंबर. तेच. दोष सापडत नाही.'

मी तिन्ही तारखा पुन्हा वाचल्या.

हेमा मार्चमध्ये वर्गात पडली. डोक्यात उजव्या बाजूला गाठ निघाली. उजवीकडची गाठ डावा हात ओढते, असं डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. "सात-आठ महिने आधी कळलं असतं तर काढता आली असती. कदाचित." ते कदाचित त्यांनी नंतर जोडलं, माझं तोंड बघून. त्यानंतर पाच आठवडे.

ती टाइप करताना डाव्या बाजूचे ठोके मागे पडतात, हे मला जुलैत ऐकू आलं होतं. मी बाजूच्या खोलीतून ओरडलो होतो, "हेमा, कळ अडकतेय तुझी. दे इकडे." आणि पेचकस घेऊन आलो होतो. एकतीस वर्षं मी हेच केलं. ठोका चुकला की दोष मशीनचा. टायपिस्टचं बोट तपासायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. पहारा हाताबरोबर बदलत जातो. माणूस म्हातारा होतो, बोटं जड होतात, तेव्हा पहाराही थोडा थोडा सरकतो, नाहीतर रोज घरच्या माणसालाच बाहेर ठेवेल. म्हणजे त्याच्याकडे जो हात होता तो चाळिशीच्या हेमाचा नव्हता. शेवटच्या हेमाचा होता. मी तेवीस दिवस चुकीच्या बाईची नक्कल करत होतो.

मी कीबोर्ड सरळ ठेवला. उतारा आला. डाव्या अनामिकेला थांबवलं. करंगळीला त्याहून जास्त. किती थांबवायचं ते मोजावं लागलं नाही. नोव्हेंबरात मी तो आवाज दोन तास ऐकत बसलो होतो, दोष शोधत. ओळीच्या शेवटी डावा हात उचलला. तोही हल्ली पूर्वीइतका वर जात नव्हता, तेवढाच उचलला.

'जुळणी ९१ टक्के. नमस्कार, मनोहर पोरे.'

मसुदे उघडले. ते वाचण्याआधी मी पहाऱ्याची नोंदवही उघडली. मला ऐकू आलं ते त्यालाही आलं असणार, याचीच भीती वाटत होती, आणि भीती आधी संपवावी असं वाटलं. एकच पान होतं.

'डावा हात : ताल मंदावत आहे. पहिली नोंद १९ जून. बदल सतत. खातेदारास कळवले : नाही. कारण : परवानगी नाही.'

पहाऱ्याने माझ्या तेरा दिवस आधी ऐकलं होतं. मी नको म्हणालो होतो, आणि त्याने शब्द पाळला होता. विमावाल्याला कळवलं नाही, कुणालाच कळवलं नाही. घरातलं घरात राहिलं.

मग उतारे. मी गेल्या जुलैपासून सुरुवात केली. पावसाचं होतं, कुणा विद्यार्थिनीच्या लग्नाचं होतं, भेंडीच्या भाजीचं होतं. विसाव्या ऑगस्टचा उतारा हा :

'यांनी काल पुन्हा कीबोर्ड उघडला. टेबलावर वर्तमानपत्र पसरले, छोटे पेचकस मांडले, चष्मा कपाळावर चढवला व शिट्टी वाजवत बसले. दुकान बंद झाल्यापासून मी यांची शिट्टी ऐकली नव्हती. कळ चांगली आहे हे मला माहीत आहे. बोटच जड झाले आहे. वयाचे असेल. सांगणार होते, पण दोन तास माणूस इतका खूश होता की म्हटले राहू दे. दिवाळीनंतर दाखवू कुणाला तरी. हा उतारा वर्गात द्यायचा नाही.'

मी मेघनाला फोन लावून तो वाचून दाखवला.

"बाबा, आई वेडी होती का?"

"नाही."

"मग तुम्ही?"

"मी शिट्टी वाजवत होतो," मी म्हणालो.

ती रडायला लागली. मीही. दोघांनी फोन मात्र ठेवला नाही.

हेमाला जाऊन आता दोन महिने झालेत. तबस्सुमने परवा स्वतःहून फोन केला होता, खातं उघडल्याचं तिला दिसलं म्हणून. ती म्हणाली, "काका, आता तुम्ही तुमच्या हाताने टाइप करा. रोज थोडं थोडं केलं की पहारा तुमच्याकडे सरकेल. काकूंचा हात आपोआप जाईल आणि मसुदे तुमच्या किल्लीत येतील." मी बरं म्हटलं. पण करतो अजून तिच्यासारखंच. डावी अनामिका थांबवतो. ओळीला हात उचलतो. रोज तीन वाजता बसतो आणि एक उतारा उघडतो. जास्त नाही.

खातं उघडलं त्याच आठवड्यात तो जुना प्रश्न पुन्हा आला. दर सहा वर्षांनी येतो म्हणे. तब्येतीबद्दल काही जाणवलं तर कळवू का? देसाई वकील आठवले. त्यांच्या बाबतीत घडलं ते खोटं नव्हतं, माझी भीतीही तेव्हा खोटी नव्हती. मग 'हो' दाबलं.

लगेच पत्र आलं.

'मनोहर पोरे, आपला डावा हात गेल्या वर्षभरापासून मंदावत आहे. कृपया लवकरात लवकर डॉक्टरांना दाखवा.'

खाली दोन चौकोन होते. 'दाखवले' आणि 'अजून नाही'.

माझा हात ठणठणीत आहे. तरी मी 'अजून नाही' दाबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आलं. डॉक्टरांना दाखवलंत का? रोज येतं. चहाच्या वेळेला येतं. 'दाखवले' म्हटलं की यायचं थांबेल, हे मला माहीत आहे.

या घरात तेवढंच एक विचारतं. मी 'अजून नाही' दाबतो.